कागदावरचं नाव: सांगलीतल्या एका रंगकर्मीचा प्रकरण अभ्यास

शाळांमध्ये नाट्यशिबिरं घेणाऱ्या एका संस्थेला २०२२ च्या उन्हाळ्यात मिरज आणि जत तालुक्यांसाठी प्रशिक्षक हवा होता. सांगलीतल्या नाटकवाल्यांनी एकमुखानं एकाच मुलीचं नाव सुचवलं. खेड्यापाड्यांतल्या पोरांकडून नाटक बसवून घ्यावं तर तिनंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाखत चांगली झाली. पण अर्जात एक रकाना होता, ‘नाट्यशास्त्रातील पदवी अथवा पदविका’. तो रिकामा होता. शेजारी ‘कामाचा अनुभव, पुराव्यासह’ असा दुसरा रकाना होता. तिथं तिनं चार ओळी लिहिल्या होत्या आणि पुरावा म्हणून एकही कागद जोडला नव्हता. काम दुसऱ्याला मिळालं.

तिच्या संमतीनं मी हे लिहितो आहे. नाव देत नाही. गावोगावी तिला ‘नाटकवाल्या ताई’ म्हणतात, म्हणून इथंही ताई. मी हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो आणि ती तालमीत आली तेव्हापासून तिचं काम पाहतो आहे. या प्रकरणात मला एकच गोष्ट दाखवायची आहे. पदवीचा रकाना रिकामा राहिला याची चर्चा खूप झाली, पण तिचं खरं नुकसान केलं ते दुसऱ्या रकान्यानं. सहा वर्षं ती काम करत होती आणि त्या कामाची नोंद कुठंच नव्हती.

शिरकाव

ताईचे वडील मार्केट यार्डात हमाल. हळदीच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत पोती उचलायची, हंगाम सरला की मिळेल ते काम. आई शिवणकाम करते. बारावीनंतर ताईनं कॉलेजात नाव घातलं होतं, पण वडिलांची पाठ गेली आणि पहिल्या वर्षातच कॉलेज सुटलं. २०१६ मध्ये सांगलीतल्या एका हौशी संस्थेनं राज्य नाट्य स्पर्धेसाठी ऐतिहासिक नाटक घेतलं. अंगरखे, नऊवाऱ्या, शेले अंगावर बसवून द्यायचं काम आईकडे आलं. मापं घ्यायला आईबरोबर आलेली मुलगी तालमीला बसून राहू लागली. विंगेतून नटांना संवाद आठवून देणारा प्रॉम्प्टर आजारी पडला तेव्हा बाईंनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शिकेनं, तिच्या हातात वही दिली.

प्रॉम्प्टिंगला आमच्याकडे कोणी मान देत नाही. पण नाटक आतून शिकायचं तर त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. सगळ्यांचे संवाद डोळ्यांखाली असतात. कोण कुठं अडखळतो, का अडखळतो, कुठल्या वाक्यावर प्रेक्षक खोकायला लागतात, हे विंगेत उभं राहून कळतं. ताई तिथं दोन हंगाम उभी होती. त्याबरोबर कपडेपट सांभाळला, रंगीत तालमीत माझ्यासाठी डिमरवर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर, बसली, आणि एका प्रयोगाला ऐनवेळी मोलकरणीच्या भूमिकेत उभी राहिली. स्मरणिकेत तिचं नाव नव्हतं. ‘वेशभूषा’ या शब्दापुढं संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचं नाव छापलं होतं. यात कुणाचा कावा नव्हता, तशी रीतच होती.

गावाचा अभिमान आणि हमालाची पोर

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ झालं. तो दिवस अजून रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो, सांगलीत भावे गौरव पदक दिलं जातं. नाटककार खाडिलकर सांगलीचे, देवल पलीकडच्या हरिपूरचे. तमाशाकडे वळायचं तर कवलापूरची काळू-बाळूंची परंपरा शहराला लागून आहे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम पाऊल टाकलेले, आणि १९४४ मध्ये शाहीर अमर शेख, गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं करणारे. भाव्यांपासून अण्णाभाऊंपर्यंत यांतल्या कुणाकडे नाट्यशास्त्राची पदविका होती? त्यांनी काम सुरू केलं तेव्हा राष्ट्रीय नाट्य विद्यालयही नव्हतं. दिल्लीचं ते विद्यालय १९५९ चं.

तेव्हा पदवीवाचून नाटक करता येतं, हे या मातीत वेगळं सिद्ध करायची गरज नाही. प्रश्न पोटाचा आहे, आणि तो आम्ही हौशी मंडळी मोकळेपणानं बोलत नाही. आमची हौशी रंगभूमी दुसऱ्या पगारावर उभी आहे. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी विम्याच्या कार्यालयात. संध्याकाळी सात ते दहा तालीम, दोन-अडीच महिने, आणि मोबदल्यात चहा-वडापाव. ज्याच्या घरी महिन्याच्या एक तारखेला पगार येतो त्याला ही हौस परवडते. ताईच्या घरी असा पगार नव्हता. तालमीच्या प्रत्येक संध्याकाळी तिच्या आईचे दोन ब्लाउज कमी शिवले जात होते. हुशार, कष्टाळू, गरीब घरची मुलं दोन हंगामांत दिसेनाशी होतात ती याच कारणानं, आणि आम्ही म्हणतो की हल्लीच्या पोरांना चिकाटी नाही. मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं.

कॉलेजचा दरवाजाही बंद झाला होता. पुरुषोत्तमसारख्या मानाच्या एकांकिका स्पर्धा महाविद्यालयांच्या आहेत. वीस वर्षांच्या मुलीला ज्या वयात चार लोकांनी पाहायला हवं, त्या वयात कॉलेज सुटलेल्या मुलीला ते व्यासपीठच मिळत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत प्रवेश संस्थेच्या नावानं होतो आणि अभिनयाला पदक-प्रमाणपत्र मिळतं ते भूमिका मिळाली तर. ताई विंगेतच होती.

यात्रेचं नाटक

पहिला पैसा तिला यात्रेनं दिला. चैत्र-वैशाखात मिरज, तासगाव, वाळवा या पट्ट्यात गावोगावी यात्रा असतात आणि अनेक गावांत तरुण मंडळी अजून स्वतः नाटक बसवतात. पुरुषपात्रं गावची. स्त्रीपात्रं मात्र बाहेरून आणायची, सांगली-मिरज-कोल्हापूरच्या बायका मानधनावर येतात. आदल्या दिवशी किंवा त्याच दुपारी यायचं, एक तालीम करायची, रात्री प्रयोग. पाठांतर तयार असलेल्या बाईला भाव चांगला. ताईला दोन हंगामांच्या प्रॉम्प्टिंगमुळं चार-पाच नाटकं तोंडपाठ होती.

घरी वादळ झालं. ‘यात्रेत नाचायला जाणार का?’ हा मामाचा प्रश्न. आईनं मिटवलं ते एका अटीवर, पहिल्या हंगामात ती स्वतः बरोबर जाणार. गेलीही. शिवणाची पेटी घेऊन गेली, तिथंच कपडेपटाचं कामही मिळवलं.

या कामात जे ताई शिकली ते कुठल्या अभ्यासक्रमात नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रयोग रात्री दहाला जाहीर असतो, पालखीमुळं बाराला सुरू होतो, पहाटे तीनला संपतो. त्यानंतर जायचं कुठं? शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. ‘राहा की गं, सरपंचांच्या घरी सोय हाय’ असं म्हणणारा माणूस भलाच असतो, पण तीन परक्या बायकांनी रात्री कुणाच्या घरी राहायचं हे त्यानं ठरवायचं नसतं. एका गावात परतीची गाडी ठरल्याप्रमाणं आली नाही आणि चौघीजणी उजाडेपर्यंत देवळाच्या ओवरीत बसून राहिल्या. त्यानंतर ताईनं आपले नियम केले. परतीची गाडी आणि तिच्या ड्रायव्हरचा नंबर आधी. कपडे बदलायला कडी असलेली खोली. मानधन अर्धं सुपारीला, म्हणजे काम ठरतानाच, उरलेलं मेकअपला बसण्याआधी. नाटकाच्या तीन अंकांत मध्येच लावणी घुसवायची नाही. हे सगळं ती फोनवर सांगे आणि मग त्याच गोष्टी मेसेजमध्ये लिहून पाठवे. सुरुवातीला मंडळांना हा तोरा वाटला. पुढं इतर बायका तिच्याकडून तोच मेसेज मागून घेऊ लागल्या.

दोन हंगामांनंतर गावं तिला नाटक बसवायलाच बोलवू लागली. गावची पोरं शेतातून, साखर कारखान्याच्या पाळीवरून येतात, तालीम रात्री नऊनंतर, ऊसतोड सुरू असली की निम्मी गैरहजर. शहरातला दिग्दर्शक अशा वेळी चिडतो. ताई प्रवेश असे फोडायची की हजर असतील त्यांच्यावर काम होईल. माझ्या मते तिचं खरं कसब हेच आहे, आणि ते अभिनयाहून दुर्मीळ आहे.

पूर

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ ची. शहर, हरिपूर, नदीकाठची गावं पाण्यात होती. ताईचं गाव उंचावर, म्हणून तिथल्या शाळेत पूरग्रस्त आणले. वर्गखोल्यांत पन्नास-साठ माणसं, सतरंज्या, बाहेर जनावरं. मोठी माणसं फोनवर गावाकडची खबर घेण्यात, आणि पोरं दिवसभर रिकामी, रात्री दचकून उठणारी.

ताईनं तिसऱ्या दिवशी पोरांना गोळा केलं. कुणी सांगितलं नव्हतं. आधी नुसते खेळ, मग आवाज काढणं, मग ‘आपल्या घरातली एक वस्तू होऊन दाखवा’. एक पोरगा कपाट झाला आणि म्हणाला, माझ्यात पाणी शिरलंय. तिथून त्या मुलांनी आपलंच नाटुकलं रचलं. शाळेच्या व्हरांड्यात आयांसमोर केलं. मुख्याध्यापिका तिथं होत्या. पाणी उतरल्यावर त्यांनी तिला शाळेत बोलावलं, शनिवारी दुपारी, मुलांसाठी. त्यांच्याकडून शेजारच्या दोन शाळांना कळलं.

मानधन नाममात्र होतं, पण कामाचा मोहरा बदलला. पुढं कोरोना आला. मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली, ५ नोव्हेंबरला निम्म्या क्षमतेनं उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली ती २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. यात्रांचे दोन हंगाम गेले. त्यात २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. ताई त्या काळात आईबरोबर मास्क शिवत होती, आणि गल्लीतल्या पोरांना घेऊन गच्चीवर काम करत होती.

तात्यांचा अर्ज

२०२२ चा नकार आला तेव्हा तिला तीन जणांनी तीन सल्ले दिले. एक म्हणाला, मुंबईला जा. दुसरा म्हणाला, पदवी कर, मग राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला अर्ज कर. तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेची पदवी लागते आणि निदान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो. सहा नाटकं ताईनं केव्हाच ओलांडली होती, पदवी नव्हती. तिसऱ्यानं केंद्र सरकारच्या तरुण कलावंतांसाठीच्या शिष्यवृत्तीची जाहिरात आणून दिली, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. वयाची अट १८ ते २५, आणि गुरूकडे पाच वर्षं शिकल्याचा दाखला. ती पंचविशी नुकतीच ओलांडून गेली होती. वर्षभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर बाईंनी तो दाखला आनंदानं दिला असता. सांगलीत रंगभूमी दिनाला आम्ही इतकी भाषणं करतो, पण अशा योजनांची यादी कुठल्याही नाट्यगृहाच्या फलकावर कधी लावलेली मी पाहिली नाही. हे काम आमचं होतं.

चौथी गोष्ट सल्ल्यातून आली नाही. आमच्याकडे पडदे ओढणारे, झालरी-विंगा बांधणारे एक तात्या होते. आधी तमाशाच्या फडात ढोलकीला साथ केलेली, मग आयुष्यभर नाटकाचं सामान वाहिलेलं. राज्य शासन पन्नाशीपुढच्या कलावंतांना दरमहा मानधन देतं, त्याचा अर्ज ते भरत होते आणि ताईला लिहायला घेतलं होतं. कलाक्षेत्रातल्या कामाचे पुरावे जोडा, अशी अट. तात्यांकडे काय होतं? एका फडाच्या मालकाबरोबरचा एक पिवळा फोटो, ज्यात ते अर्धे कापले गेलेले. चाळीस वर्षांच्या कामाचा दुसरा कागद नाही.

तात्या तिला म्हणाले, ‘पोरी, माझं जाऊ दे. तुझं नाव तरी कुठं कागदावर हाय का?’

ताईनं घरी जाऊन शोधलं. सहा वर्षांच्या कामातून तिला एक स्मरणिका सापडली, आभाराच्या यादीत शेवटून दुसरं नाव, तेही चुकीचं छापलेलं.

फाइल

त्या पावसाळ्यात ती मागं गेली. ज्या गावांत नाटक बसवलं तिथल्या मंडळांकडे, ग्रामपंचायतीकडे, शाळांकडे. प्रत्येकाकडून लेटरहेडवर साधं पत्र: कुठलं नाटक, कुठल्या तारखेला, ताईनं कुठलं काम केलं, किती कलाकार, किती प्रेक्षक. स्तुती नको, तपशील द्या, असं ती सांगायची. हे तिनं बरोबर ओळखलं होतं. ‘अत्यंत गुणी व होतकरू’ अशी पत्रं ढिगानं मिळतात आणि वाचणारा ती उलटून टाकतो. ‘१४ एप्रिल, तीन अंकी, नऊ पुरुष दोन स्त्रिया, दिग्दर्शन व वेशभूषा’ असं लिहिलेलं पत्र तो वाचतो.

काही ठिकाणी सरपंच बदलले होते, मंडळ फुटलं होतं. तिथं तिनं यात्रेची हॅण्डबिलं मिळवली, जमाखर्चाच्या वहीतल्या पानाचे फोटो काढले. यात्रा कमिट्यांच्या वह्या हा मोठा खजिना आहे. ‘स्त्रीपात्र, सांगली’ आणि पुढं रक्कम. तिथं तिचं नाव नव्हतं, पण तारीख होती, आणि तिच्या फोनमधला त्याच तारखेचा मेसेज होता.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या कामाची पद्धत तिनं बदलली. शाळांतल्या मुलांबरोबर घडवलेलं पूरनाट्य तिनं नीट लिहून काढलं आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवलं. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर त्या मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आम्ही सगळे ती एक कटकट समजतो. संहितेच्या प्रती काढा, पाठवा, वाट पाहा. ताईसाठी मात्र तो पहिला सरकारी कागद ठरला ज्यावर लेखिका म्हणून तिचं नाव होतं. मानधन ती बँक खात्यातच घेऊ लागली. एका ठिकाणी दहा टक्के कर कापून पैसे आले तेव्हा ती घाबरली, मग एका ओळखीच्या करसल्लागारानं विवरणपत्र भरून दिलं, कापलेले पैसे परत आले, आणि तीन वर्षांची विवरणपत्रं हाताशी आल्यावर तिला लहानसा लाइटचा संच घ्यायला कर्जही मिळालं. त्या आधी बँकेच्या लेखी ती ‘गृहिणी’ होती, लग्न झालेलं नसताना.

मला कुणी म्हणेल, यात कला कुठं आहे? कलेचं तर झालंच होतं. सहा वर्षं कला होती आणि घरात पैसा नव्हता.

जत

२०२३ मध्ये तिनं जत तालुक्यात काम सुरू केलं. पूर्वेकडची गावं, पाण्याची टंचाई, घरात कन्नड आणि शाळेत मराठी. एका सामाजिक संस्थेला लवकर होणाऱ्या लग्नांबद्दल कार्यक्रम हवा होता. नेहमीचं पथनाट्य म्हणजे डफ, घोषणा, शेवटी शपथ. ताईला ते नको होतं. एका कार्यशाळेत तिनं ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची फोरम थिएटरची रीत पाहिली होती. प्रसंग करायचा, तो वाईट वळणावर जाईल तिथं थांबवायचा, आणि प्रेक्षकांतल्या कुणाला तरी पात्राच्या जागी येऊन वेगळं काही करून पाहायला सांगायचं. पश्चिम बंगालमध्ये १९८५ ला उभी राहिलेली ‘जन संस्कृती’ ही संस्था खेड्यांत हेच करते.

संहिता कुठली घ्यायची यावर आमची खूप चर्चा झाली. तिच्या मनात आधी अण्णाभाऊंची एक कथा होती. पण लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. अण्णाभाऊ १९६९ ला गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत परवानगी घेणं आलं. देवल गेले १९१६ ला. त्यांची १८९९ ची ‘शारदा’ म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचीच गोष्ट, आणि तिच्यावर आता कुणाचा हक्क नाही. ताईनं तिच्यातले तीन प्रसंग घेतले, भाषा गावची केली, पदं गाळली आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या जागी कारखान्यावर कायम झालेला तिशीतला मुलगा ठेवला. लोकांना नकार देणं अवघड जावं असं स्थळ. ती निवड मला फार नेमकी वाटते.

पहिल्या गावात कुणी उठलंच नाही. दुसऱ्या गावात एक आजी उठल्या, त्यांनी आईची जागा घेतली आणि कन्नडमध्ये बोलू लागल्या. ताईला कन्नड येत नाही. तिनं थांबवलं नाही. बापाचं काम करणारा पोरगा तिथलाच होता, तो कन्नडमध्येच उत्तर देत गेला, आणि पाचेक मिनिटं नाटक ताईच्या हातात नव्हतंच. आजी लग्न मोडा म्हणाल्या नाहीत. दोन वर्षं थांबा म्हणाल्या, आणि पोरीच्या बारावीचा खर्च कोण देणार हे बापाला सगळ्यांसमोर विचारलं. गावचे ग्रामसेवक पुढच्या रांगेत बसले होते. बालविवाह रोखण्याची कायद्यानं दिलेली जबाबदारी गावपातळीवर त्यांच्याकडेच असते. तिसऱ्या गावापासून ताईनं दोन कन्नड बोलणाऱ्या मुली गटात घेतल्या, मानधनावर, आणि त्यांची नावं पत्रकावर.

या मालिकेनंतर २०२२ ला नकार देणाऱ्या संस्थेनंच तिला पुन्हा बोलावलं. पदवीचा रकाना अजूनही रिकामा होता. पण दुसऱ्या रकान्याला आता जाडजूड फाइल जोडलेली होती, आणि अर्ज वाचणाऱ्या व्यक्तीला वरिष्ठांपुढं ठेवायला काहीतरी होतं. निवडणाऱ्याची अडचणही आपण समजून घ्यायला हवी. त्याला ताई चांगली वाटत असेल, तरी ‘ही का घेतली’ याचं उत्तर त्याला कागदानंच द्यावं लागतं.

पैसा कुठून येतो

आज तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा शाळा आणि सामाजिक संस्थांच्या शिबिरांतून येतो. त्याखालोखाल यात्रेची नाटकं, पण ती आता बसवण्याची. स्त्रीपात्र म्हणून ती क्वचित उभी राहते. लाइटचा संच भाड्यानं जातो. कपडेपट आईचा, त्याचा हिशेब वेगळा. जून ते ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात आणि त्या महिन्यांसाठी ती हंगामातच पैसे बाजूला काढते. सांगलीत एका खासगी शाळेतल्या शिक्षिकेला जेवढं मिळतं तेवढं तिचं वर्षाचं सरासरी होतं, भविष्यनिर्वाह निधी नाही, विमा तिचा तिनं काढलेला. हे थोडं आहे. पण ते नाटकातून येतं, आणि हमालाच्या घरात आता एकटीच्या नाटकावर घर चालतं.

मुक्त विद्यापीठात तिनं नाव घातलं आहे, मराठी विषय घेऊन. त्याबद्दल माझं मत विचाराल तर तिनं ते बरं केलं, पण आत्ता केलं म्हणून बरं केलं. २०२२ मध्ये ती पदवीच्या मागं लागली असती तर जतचं काम झालं नसतं.

संस्था आणि तिची जागा

शेवटचा पेच सगळ्यात अवघड होता. मोठ्या कामांसाठी नोंदणीकृत संस्था लागते. सात जण जमवून संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली आणि मग सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली. साहजिकच सगळे म्हणाले, ताई अध्यक्ष. करसल्लागारानं घटनेचा मसुदा वाचून हात वर केला. पदाधिकाऱ्यानं संस्थेच्या पैशातून मानधन घेण्याची तरतूद त्यात नव्हती. म्हणजे जी पोटासाठी हे करते तीच अध्यक्ष झाली तर तिला एक रुपया नीट घेता येणार नाही. हौशी संस्थांच्या घटना बहुतेक अशाच असतात, कारण त्या पगारदारांनी पगारदारांसाठी लिहिलेल्या असतात.

दोन बैठका याच्यावर गेल्या. कुणी म्हणालं, आईला पदाधिकारी करू आणि तुला मानधन देऊ. ताईनं ते नाकारलं, उद्या कुणी हिशेब विचारला तर आईला उत्तरं द्यावी लागतील म्हणून. शेवटी ती कार्यकारिणीत राहिली नाही. मुख्याध्यापिका, ज्या आता निवृत्त आहेत, अध्यक्ष झाल्या. ताई मानधनावर ‘कलात्मक संचालक’ झाली, करार वर्षाचा, रक्कम ठरलेली. चेकवर सही करायचा अधिकार तिनं सोडला. ज्या संस्थेचं सगळं काम तिच्या नावावर चालतं, ती संस्था उद्या तिला बाजूला करू शकते. बाईंना हे अजून पटलेलं नाही. मला पटलं आहे, कारण दुसरा कुठलाही मार्ग तिला पुन्हा चहा-वडापावावर आणून ठेवत होता.

करारात एक कलम मात्र तिनं हट्टानं घालून घेतलं. नोकरीच्या ओघात लिहिलेल्या लेखनाचे हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, कायद्यानं नोकरी देणाऱ्याकडे जातात. ताईचा करार नोकरीचा मानला जाईल की नाही यावर वाद होऊ शकतो, म्हणून तिनं तो वाद होऊच दिला नाही. तिनं लिहिलेल्या सगळ्या संहितांवर लेखिका म्हणून तिचाच हक्क राहील, आणि संस्थेला त्यांचे प्रयोग करायची परवानगी असेल, करार संपला तरी पुढं दोन वर्षं. मुलांनी मिळून रचलेल्या नाटुकल्यांना हे लागू नाही. त्यांच्या प्रत्येक प्रतीवर त्या त्या मुलांची नावं, शाळेचं नाव आणि तारीख असते, आणि त्यांच्या परवानगीचं पत्र पालकांच्या सहीनं फाइलला लागतं.